दूरचा डोळा, जवळचा फटका

सोमवार, दि. १७ मे २०२१. साथीच्या निर्बंधांमुळे बाजारपेठांतील बहुतेक दुकाने बंदच होती. अशा त्या दिवशी उल्हासनगरात झाड अंगावर कोसळून एका व्यक्तीचा प्राण गेला. नवी मुंबईतही तशीच दुर्घटना घडली. निमित्त होते ‘तौक्ते’ चक्रीवादळाचे. हे वादळ उल्हासनगरात आले नव्हते. ते ठाणे जिल्ह्यातही आले नव्हते, किंबहुना महाराष्ट्राच्या भूमीला त्याच्या केंद्राने स्पर्शही केला नाही. मुंबईच्या सर्वांत जवळ असतानाही त्याचे केंद्र पश्चिमेस, भर समुद्रात, सुमारे दीडशे किलोमीटर दूर होते. त्याच रात्री ते सौराष्ट्रात, दीव आणि उना यांच्या परिसरात जमिनीवर चढले.

याच्या बरोबर उलट घटना वर्षभरापूर्वीची. दि. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ थेट महाराष्ट्रावर, अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोली येथील नारळी-पोफळीच्या बागा त्याने झोपवल्या आणि असंख्य घरांची छपरे उडवली. मुंबईत मात्र ज्या संहाराची धास्ती होती, तो झाला नाही. जे वादळ अंगणात उतरले त्याने मुंबईला मोठा फटका दिला नाही, आणि जे दारावरून लांबून गेले त्याने उल्हासनगरात बळी घेतला. हा योगायोग नव्हे. त्यामागे वादळाचे शास्त्र आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या समुद्रापासून दूर असलेल्या तीन शहरांतील कुटुंबांनी ते जाणून घेणे हिताचे आहे.

उबदार पाण्याचे भांडवल

चक्रीवादळाचा जन्म वाऱ्यातून होतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो पाण्याच्या उबेतून होतो. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे २६.५ अंश सेल्सिअसच्या वर असेल आणि ही ऊब सुमारे पन्नास मीटर खोलीपर्यंत पोहोचलेली असेल, तर वादळाला लागणारे भांडवल सिद्ध झाले म्हणून समजावे. खोलीची अट महत्त्वाची आहे. वादळी वारा समुद्र घुसळतो आणि तळातील गार पाणी वर आणतो. उबदार पाण्याचा थर पातळ असेल, तर वादळ स्वतःच्याच घुसळण्याने स्वतःचे भांडवल गमावून बसते.

उबदार समुद्रावरील हवा बाष्पाने भारते, हलकी होते आणि वर चढू लागते. वर गार थरात पोहोचताच बाष्पाचे पुन्हा पाणी होते. ढग जमतात, पाऊस पडतो. पाण्याची वाफ होताना तिने जी उष्णता आपल्या पोटात घेतलेली असते, ती या वेळी बाहेर पडते. या सुप्त उष्णतेचे मोल मोठे आहे. शून्य अंशाचे एक लिटर पाणी उकळीपर्यंत नेण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटींहून अधिक उष्णता तेवढ्याच वजनाच्या बाष्पाचे पाणी होताना मोकळी होते. ही उष्णता आजूबाजूची हवा तापवते, ती हवाही वर उसळते, खाली हवेचा दाब आणखी कमी होतो आणि ती पोकळी भरून काढण्यासाठी चहूबाजूंनी नवी बाष्पयुक्त हवा धावत येते. झालेला नफा पुन्हा धंद्यात घालून धंदा वाढवणाऱ्या व्यापाऱ्यासारखाच हा व्यवहार आहे. उबदार पाणी मिळत राहते तोवर हे चक्र वाढत जाते आणि ते तुटले की उतरणीला लागते.

वारा वळतो कसा

चहूकडून धावत येणारी हवा सरळ केंद्रात का शिरत नाही? पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात वाहणारा वारा आपल्या मार्गाच्या उजवीकडे कलतो. सर्व बाजूंनी येणारे वारे असे कलले की केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने भोवरा तयार होतो. विषुववृत्ताजवळ हा कल जवळजवळ नसतो. म्हणून तेथील समुद्र कितीही उबदार असला तरी विषुववृत्तापासून पाच अंशांच्या आत चक्रीवादळे सहसा जन्मत नाहीत. इंग्रजीतील ‘सायक्लोन’ हा शब्दही भारतातच घडला. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात राहून वादळांचा अभ्यास करणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी ग्रीक भाषेतील वर्तुळवाचक शब्दावरून तो बनवला. सापाच्या वेटोळ्याची प्रतिमा त्यांच्या मनात होती.

पूर्ण वाढलेल्या वादळाच्या मध्यभागी ‘डोळा’ असतो. त्याचा व्यास साधारणपणे वीस ते पन्नास किलोमीटर असतो. तेथे हवा वरून खाली उतरते. त्यामुळे वारा मंदावतो आणि कधी कधी आकाशही निरभ्र दिसते. या डोळ्याभोवती ढगांची उंच भिंत असते आणि सर्वांत भयंकर वारा व पाऊस तेथेच असतो. त्या भिंतीबाहेर शेकडो किलोमीटरपर्यंत पावसाचे वळणदार पट्टे पसरलेले असतात. नकाशावर वादळ एका ठिपक्याने दाखवतात. तो ठिपका केवळ डोळ्याचे स्थान सांगतो, वादळाचा विस्तार नव्हे. ‘केंद्र दीडशे किलोमीटर दूर आहे’ याचा अर्थ ‘वादळ दीडशे किलोमीटर दूर आहे’ असा जो घेतो, तो इथेच फसतो.

भारतीय हवामान विभाग वाऱ्याच्या सातत्यपूर्ण वेगावरून वादळाची पायरी ठरवतो. ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वेग असेल तर ‘डिप्रेशन’, ५० ते ६१ असेल तर ‘डीप डिप्रेशन’, ६२ पासून पुढे ‘चक्रीवादळ’, ८९ पासून ‘तीव्र चक्रीवादळ’ आणि ११८ पासून ‘अतितीव्र चक्रीवादळ’. त्याहूनही वरच्या पायऱ्या आहेत. चक्रीवादळाच्या पायरीवर आले की त्याचे नामकरण होते. उत्तर हिंदी महासागराच्या परिसरातील तेरा देशांनी प्रत्येकी तेरा नावे सुचवून १६९ नावांची नवी यादी एप्रिल २०२० मध्ये केली. तिच्यातील पहिलेच नाव ‘निसर्ग’. ते बांगलादेशाने दिले होते. ‘तौक्ते’ हे नाव म्यानमारचे. त्याचा अर्थ एक प्रकारची पाल. भारताने दिलेल्या नावांत गती, तेज, अंबुद, जलधी, प्रभंजन यांचा समावेश आहे.

दोनच हंगाम का?

जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा जोर सर्वाधिक असतो, समुद्रही उबदार असतो. तरीही चक्रीवादळे प्रामुख्याने एप्रिल ते जूनचा पूर्वार्ध आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातच येतात. याचे कारण उंचीवरील वाऱ्यांत आहे. ऐन मान्सूनमध्ये खालच्या थरात पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात आणि बऱ्याच उंचीवर पूर्वेकडून. चक्रीवादळ ही दहा-पंधरा किलोमीटर उंचीची ढगांची उतरंड असते. उतरंडीचे खालचे मडके एका बाजूला आणि वरचे दुसऱ्या बाजूला ओढले तर ती उभी राहील काय? वादळाचेही तसेच होते. रचले जाण्यापूर्वीच ते ढासळते. मान्सून येण्यापूर्वी आणि परतल्यानंतर वाऱ्यांतील हा फरक कमी होतो आणि वादळाला उभे राहण्यास अवसर मिळतो.

पूर्वापार अनुभव असा की बंगालच्या उपसागरात चार वादळे होतात तेव्हा अरबी समुद्रात एखादे होते. हे चित्र बदलत आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, तर बंगालच्या उपसागरातील संख्या ८ टक्क्यांनी घटली. एकट्या २०१९ साली अरबी समुद्रात वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन अशी पाच चक्रीवादळे झाली. समुद्राचे तापणे हे या बदलाचे प्रमुख कारण मानले जाते. तापलेल्या समुद्रावर वादळे केवळ अधिक होत नाहीत, ती अधिक वेगाने बळही धरतात. १५ मे २०२१ रोजी साधे चक्रीवादळ असलेले ‘तौक्ते’ दोन दिवसांत कित्येक पायऱ्या चढून गेले. तयारीला चार दिवस मिळतील या जुन्या हिशेबावर आता विसंबता येत नाही.

उजवी बाजू, डावी बाजू

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. भोवरा फिरतो तसा तो पुढेही सरकतो. त्याच्या वाटचालीच्या उजव्या बाजूस फिरण्याचा वेग आणि सरकण्याचा वेग एकमेकांत मिळतात; डाव्या बाजूस एकातून दुसरा वजा होतो. हिशेबासाठी भोवऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटर आणि सरकण्याचा वीस धरला, तर उजवीकडे एकशेवीस आणि डावीकडे ऐंशी असा ढोबळ फरक पडतो. शिवाय उत्तरेकडे सरकणाऱ्या वादळाच्या उजव्या बाजूचा वारा दक्षिणेकडून, समुद्रावरील बाष्प घेऊन येतो. तुलनेने डावी बाजू सौम्य असते.

‘तौक्ते’ पश्चिम किनाऱ्याला जवळजवळ समांतर उत्तरेकडे गेले. त्यामुळे सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंतचा संपूर्ण कोकण त्याच्या उजव्या हाताला आला. कुलाब्याला त्या दिवशी वाऱ्याचा ताशी ११४ किलोमीटर वेगाचा झोत नोंदला गेला. मे महिन्याच्या मध्यावर कुलाब्यात चोवीस तासांत २०७.६ आणि सांताक्रूझला २३०.३ मिलिमीटर पाऊस पडला. समुद्रात तर अनर्थच झाला. मुंबई हाय तेलक्षेत्राच्या कामावरील पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ जण होते. खवळलेल्या समुद्रातून नौदलाने त्यांपैकी १८६ जणांना वाचवले. सत्तरहून अधिक जण परतले नाहीत.

‘निसर्ग’ मात्र रायगडच्या किनाऱ्यावर चढून ईशान्येकडे वळले. त्याचे केंद्र मुंबईच्या आग्नेयेकडून पुढे गेले. मुंबईपासून बदलापूरपर्यंतचा पट्टा त्याच्या डाव्या बाजूस राहिला. किनाऱ्यावरील तेच वादळ काही किलोमीटर उत्तरेस चढले असते, तर या पट्ट्याचे भाग्य निराळे ठरले असते. एवढा मोठा फरक एवढ्या थोड्या अंतरावर अवलंबून असतो.

वादळ कोणत्या बाजूस आहे हे ओळखण्याची एक सोपी युक्ती एकोणिसाव्या शतकातील डच हवामानशास्त्रज्ञ बायस बॅलट यांच्या नियमातून मिळते. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, तर कमी दाबाचे केंद्र साधारणपणे डाव्या हाताला असते. वारा दक्षिणेकडून येत असेल, तर पाठ दक्षिणेला, तोंड उत्तरेला आणि डावा हात पश्चिमेला. म्हणजे केंद्र समुद्रात आहे. हा प्रयोग वादळापूर्वी, मोकळ्या जागी आणि सुरक्षितपणे करण्याचा आहे. ऐन वादळात गच्चीवर जाऊन करण्याचा मुळीच नाही.

वाऱ्याविषयी आणखी एक हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ५७ किलोमीटरच्या वाऱ्यात टिकलेला दुकानाचा फलक ११४ किलोमीटरच्या झोतात चौपट दाब सोसतो. ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हा युक्तिवाद येथे कुचकामी ठरतो. दि. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगरात महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. ते चक्रीवादळ नव्हते. मान्सूनपूर्व वळवाच्या ढगांतून सुटलेला अल्पकाळचा सोसाट्याचा वारा होता. फलक, पत्रे आणि झाडे यांना वाऱ्याचे नाव ठाऊक नसते. त्यांना केवळ त्याचा दाब कळतो.

वारा मरतो, पाऊस उरतो

जमिनीवर चढताच चक्रीवादळाचा उबदार पाण्याचा पुरवठा तुटतो. टेकड्या, झाडे आणि इमारती यांच्याशी घासून वाऱ्याचा वेगही घटतो. भांडवल संपलेल्या पेढीप्रमाणे वादळ काही तासांत खालच्या पायरीवर येते. मात्र त्याने समुद्रावरून उचललेले बाष्प शिल्लक असते आणि ते पावसाच्या रूपाने वाटेत रिते होते. वाटेत सह्याद्रीसारखी भिंत आली तर हवा आणखी वर रेटली जाते आणि पाऊस आणखी वाढतो. म्हणून समुद्रापासून दूर असलेल्या गावांसाठी अंतिम धोका बहुधा पाण्याचा असतो.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर यांची भूरचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. उल्हास नदी खंडाळा-राजमाचीच्या डोंगरांतून उतरते, कर्जत, नेरळवरून बदलापूरला येते आणि कल्याणकडे जाते. बदलापूरला सूर्य दिसत असला तरी वर घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस झाला, तर काही तासांनी नदी फुगते. दुसरी वालधुनी. ती अंबरनाथलगतच्या डोंगरांतून निघून अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या भर वस्तीतून वाहते आणि कल्याणजवळ उल्हासला मिळते. साडेनऊशेहून अधिक वर्षांचे अंबरनाथचे प्राचीन शिवमंदिर तिच्याच काठी आहे. पुढे कल्याणच्या खाडीत भरतीचे पाणी चढलेले असेल, तर नद्यांच्या पाण्याला उतरण्यास वाव राहत नाही आणि ते मागे साचते. वादळाच्या वेळी समुद्राची पातळीही वाऱ्याच्या रेट्याने उंचावते. भरती, वादळी उधाण आणि डोंगरातील पाऊस हे तिन्ही एकाच वेळी जुळून आले, तर समुद्र न दिसणाऱ्या वस्तीतही समुद्राचा परिणाम जाणवतो.

येथे एक भेद स्पष्ट ठेवला पाहिजे. या परिसराच्या स्मरणात कोरलेले दोन मोठे पूर चक्रीवादळाचे नव्हते. दि. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर. उल्हास आणि वालधुनीकाठच्या वस्त्या तेव्हा पाण्याखाली गेल्या. दि. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि सुमारे १०५० प्रवाशांना होड्यांच्या साहाय्याने बाहेर काढावे लागले. दोन्ही वेळा पाऊस मान्सूनचा होता. चक्रीवादळाचा दिवस आधी कळतो, त्याला नाव असते, त्याचा मार्ग दूरचित्रवाणीवर दिसतो. मान्सूनचा असा पूर निनावी येतो. नावाच्या वादळासाठी केलेली तयारी निनावी पुरालाही उपयोगी पडते, हा तिचा दुहेरी लाभ.

वार्ता येते, ती वाचली पाहिजे

नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईकडे निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. सातशेहून अधिक माणसे तिच्याबरोबर गेली. बोटीचे अवशेषही हाती लागले नाहीत. कच्छ-काठियावाड आणि मुंबई यांच्यातील व्यापाराशी ज्यांच्या पूर्वजांचा संबंध होता, अशा अनेक कुटुंबांत ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ सालीच झाली होती. परंतु समुद्रात असलेल्या बोटीला वादळाची वार्ता कळवण्याचे साधन तेव्हा जगात कोठेच नव्हते. त्यानंतर एकशेदहा वर्षांनी, दि. ९ जून १९९८ रोजी, कांडला बंदरावर चक्रीवादळ आले तेव्हा उपग्रह होते, रेडिओ होता. तरीही अधिकृत आकड्यांनुसार एक हजाराहून अधिक माणसे दगावली. बंदरात आणि मिठागरांवर राबणाऱ्या मजुरांचे त्यांत मोठे प्रमाण होते. वार्ता निघणे आणि ती ज्याला हवी त्याच्यापर्यंत पोहोचणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

आज हवामान विभागाचे इशारे चार टप्प्यांत येतात. सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना. किमान ४८ तास आधी पिवळ्या रंगाचा सावधानतेचा इशारा. किमान २४ तास आधी नारिंगी रंगाचा चक्रीवादळाचा इशारा. आणि किमान १२ तास आधी, जमिनीवर आल्यानंतर काय होईल याचे लाल रंगाचे अनुमान. या बातमीपत्रांबरोबर येणाऱ्या नकाशावरील मधली रेघ केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवते. तिच्या दोन्ही बाजूंचा शंकूसारखा पट्टा ही त्या केंद्राविषयीची अनिश्चितता असते. रेघ गुजरातकडे जाते म्हणून ठाणे जिल्हा निश्चिंत, असा अर्थ त्यातून निघत नाही. आपला जिल्हा मार्गाच्या उजवीकडे आहे की डावीकडे, जिल्ह्याला कोणता रंग दिला आहे आणि पावसाचा कोणता शब्द वापरला आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. ‘अत्यंत मुसळधार’ याचा अर्थ चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा अधिक. हजार चौरस फुटांच्या छपरावर २०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे साडेअठरा हजार लिटर पाणी उतरते. दहा हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर. ते कोठून वाहून जाणार, याचे उत्तर प्रत्येक गोदामाकडे असावे.

वार्तेइतकीच अफवाही वेगाने पसरते. १८८२ साली मुंबईत चक्रीवादळाने एक लाख माणसे मेली, अशी कथा अनेक पुस्तकांतून आणि यादींतून वर्षानुवर्षे फिरत होती. संशोधकांनी जुनी वृत्तपत्रे आणि नोंदी तपासल्या, तेव्हा असे वादळ झाल्याचा पुरावाच मिळाला नाही. याउलट नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला खरोखरच चक्रीवादळाचा तडाखा बसला होता, ते आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. मोबाइलवर पुढे ढकललेल्या संदेशापेक्षा हवामान विभागाचे ‘मौसम’ ॲप, जिल्हा प्रशासन आणि स्थानिक नगरपालिका-महानगरपालिका यांच्या सूचना प्रमाण मानाव्यात.

दुकान, गोदाम आणि घर

पूर्वतयारीचा खरा मुहूर्त म्हणजे एप्रिल महिना. उल्हासनगरच्या कापड आणि फर्निचर बाजारात, अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत माल बहुधा जमिनीवरच रचला जातो. विटांच्या वा लाकडी फळ्यांच्या ओट्यावर तो फूट-दोन फूट वर उचलला, तरी साचलेल्या पाण्यापासून पुष्कळसा वाचतो. कापड, कागद आणि विजेची उपकरणे वरच्या फडताळात आणि पाण्याने न बिघडणारा माल खाली, अशी रचना करावी. पाण्याशी संयोग होऊन तापणारी किंवा वायू सोडणारी रसायने ज्यांच्याकडे आहेत, त्यांची जबाबदारी शेजाऱ्यांपर्यंत पोहोचते. ती पिंपे उंच, बंद आणि नावानिशी ठेवलेली असली पाहिजेत.

पत्र्याच्या छपराचे आकडे आणि स्क्रू तपासून घ्यावेत. दुकानावरील फलकाची चौकट गंजली असेल, तर रंगरंगोटीपेक्षा ती बदलण्यास प्राधान्य द्यावे. साठ्याची नोंद आणि खरेदीची बिले यांची एक प्रत दुकानाबाहेर, अन्य ठिकाणी ठेवावी. माल रचलेल्या स्थितीतील छायाचित्रे काढून ठेवावीत. दुकान-गोदामाच्या आग विम्याच्या पॉलिसीत वादळ, पूर आणि पाणी शिरणे यांचे संरक्षण समाविष्ट आहे की वगळलेले आहे, हे नूतनीकरणाच्या वेळीच शब्दशः वाचून घ्यावे. विम्याचा हप्ता वाचवण्यासाठी वगळलेली एक ओळ पुराच्या दुसऱ्या दिवशी फार महाग पडते.

इशारा आल्यावर घरातील गच्ची मोकळी करावी. कुंड्या, सुटे पत्रे, पापड-वड्यांच्या वाळवणाच्या खाटा, पक्ष्यांसाठी ठेवलेली पाण्याची मातीची भांडी हे सर्व वाऱ्यात प्रक्षेपास्त्र होते. ते आत घ्यावे. पिण्याचे पाणी, औषधे, विजेरी, भरलेला मोबाइल आणि खाखरे-चिवड्यासारखे टिकाऊ खाणे दोन दिवस पुरेल एवढे असावे. वीज गेलेली असताना लोंबकळणाऱ्या तारेला ती मृत समजून हात लावू नये. वारा अचानक थांबला तर वादळ सरले असे गृहीत धरू नये. डोळा सरकून गेल्यावर वारा विरुद्ध दिशेने पुन्हा येतो.

कामगारांचा विचार याच यादीत वर यावा. मालक घरी सुरक्षित आणि रखवालदार पत्र्याच्या शेडमध्ये, ही स्थिती वादळाच्या रात्री असू नये. कांडल्याची आठवण तेच सांगते.

राहता राहिले झाड. उल्हासनगरातील त्या दुर्घटनेनंतर झाडे तोडावीत असे कोणास वाटले तर ते स्वाभाविक आहे, पण योग्य नाही. पावसाने माती सैल झाली की मुळांची पकड सुटते, आणि बुंध्याभोवती सिमेंट ओतून मुळांना श्वास नाकारला असेल, तर ती आधीच दुबळी झालेली असतात. बुंध्याभोवती मातीचे मोकळे आळे ठेवणे, वाळलेल्या आणि एका बाजूला झुकलेल्या फांद्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीने मे महिन्यापूर्वी छाटून घेणे, आणि वादळाच्या दिवशी झाडाखाली ना वाहन ना माणूस थांबवणे, एवढ्याने झाडही वाचते आणि माणूसही.

समुद्रातील भोवऱ्याला कोणी अडवू शकत नाही. त्याचा डोळा कोठून जाईल हे शास्त्र आता बऱ्याच अंशी सांगू शकते. तो गेल्यावर कोणाच्या दारात काय कोसळेल, हे मात्र त्या दाराच्या आतील माणसांनी आधी काय केले यावर पुष्कळसे ठरते. पुढचे वादळ नकाशावर दूर समुद्रात दिसेल, त्या दिवशी दूर आणि जवळ यांचा हा हिशेब ध्यानात असावा.